पाव फेरा

"बाई, नळ बंद करून दाखवा."

खोली बघायला गेलेल्या एकट्या बाईला घरमालक काय काय विचारतात, ते मला तोवर पाठ झालं होतं. लग्न झालंय का, अंडी खाता का, घरी किती वाजता येता, भेटायला कोण कोण येतं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागून मी अंबाजोगाईहून या शहरात आले, तेव्हा पंधरा दिवसांत सात घरं बघून झाली होती आणि सातही ठिकाणी ही उजळणी दिली होती. पुंडलिकनगरातलं हे आठवं घर. या गृहस्थांनी यातलं काहीच विचारलं नाही. वरच्या मजल्यावर नेलं, न्हाणीघराचं दार उघडलं आणि बादलीत सोडलेल्या नळाकडं बोट दाखवून तेवढं एकच सांगितलं.

मी नळ बंद केला. आमच्या घरच्या नळाचे आटे मी लहान असल्यापासून गेलेले होते. जरा जोर लावला की तो गरगर फिरायचा. त्यामुळं दोन बोटांनी फिरवायचा आणि थांबेल तिथं सोडून द्यायचा, ही माझ्या हाताची सवय. ते वाकले, नळाच्या तोंडाखाली तळहात धरला आणि ओठ हलवत काहीतरी मोजलं. थेंब पडला नाही.

"सामान कवा आणता?" ते म्हणाले.

माझ्या आधी एक बँकेतला माणूस त्या खोलीसाठी येऊन गेला होता, हे मला नंतर कळलं. चांगला शिकलेला, नाकासमोर चालणारा, पण नळ त्यानं पार पिरगाळला. "नळाचं एवढं करतोय, उद्या बायको करंल तर तिचं काय?" असं म्हणून घरमालकांनी, त्यांना पुढं मी काकाच म्हणायला लागले, त्याला खोली दिली नाही. त्याचं पुढं लग्न झालं का आणि त्या बायकोचं काय झालं, मला माहीत नाही. पण आमच्या शहरात नळाला पाणी चार-सहा दिवसांनी येतं. तिथं गळका नळ म्हणजे गुन्हाच, असं धरलं तर काकांचं फार चुकत नव्हतं.

काकांची सगळी नोकरी सरकारी पंपांवर देखरेख करण्यात गेली होती. धरणावरचे, गावाबाहेरचे, शेताडीतले पंप. त्या नोकरीतून त्यांनी एकच सिद्धांत घरी आणला होता आणि तो ते कुणालाही, कधीही, न विचारता सांगायचे: "हातानं बसंल तेवढं घट्ट. वर पान्यानं पाव फेरा. त्याच्या पुढं जे हाय ते घट्ट नसतंय, नुसतं भ्या असतंय."

हा सिद्धांत ते जगायचे आणि इतरांना तो भोगावा लागायचा. त्यांच्या घरातल्या एकाही बरणीचं झाकण नीट लागलेलं नसे. लोणचं काढायला गेलं की झाकण हातात आणि बरणी जागेवर. बुटाची नाडी ते इतकी सैल बांधत की कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना दोनदा थांबावं लागे. कुणाच्या दारावरची घंटी वाजवली तर ती घरातल्यांना ऐकूच जात नसे. मग ते पायरीवर बसून राहत आणि घरचं माणूस दूध आणायला बाहेर पडलं की दचके. आमच्या गल्लीत असा एकदा तरी दचकला नाही असा माणूस नाही. पाहुण्यांशी हात मिळवायचे तोही असा, की समोरच्याला वाटावं, यांना आपण आवडलेलो नाही.

आणि पोर्चमध्ये ताडपत्रीखाली ती गाडी होती. काळी, गोल पाठीची जुनी विलायती मोटार. काकांच्या वडिलांनी ती निजामाच्या काळातल्या एका जहागीरदाराच्या वारसाकडून घेतली होती. गावाकडची जमीन भावाभावांत वाटली गेली तेव्हा काकांनी बैलजोडी सोडून गाडी मागून घेतली, यावरून सगळं गाव हसलं होतं म्हणे. काका त्या गाडीला अहो-जाहो करायचे. "त्या अजून उठल्या नायत." "त्यांला उन्हात उभं करू नका." एकदा कुणीतरी नवरदेवाच्या मिरवणुकीसाठी गाडी मागायला आलं, तर म्हणाले, "नाय जमायचं. त्यांला फुलांचं वावडं हाय." तो माणूस "असं का" म्हणत खरोखरच परत गेला.

रोज सकाळी आंघोळीआधी ते गाडीचं बॉनेट उघडत. टाकीकडून इंजिनाच्या पंपापर्यंत पेट्रोल आणणारा तांब्याचा बारीक पाईप असतो, तो पंपाला जिथं पितळी नटानं जोडलेला असतो त्या जागेवर बोट फिरवत आणि ते बोट नाकाशी धरत. वास आला नाही की दिवस चांगला. कधी वास यायचाच, मग काकू आतूनच म्हणायच्या, "आधी बेसन लावून हात धुवा, मग देवाला शिवा." घरातल्या कशालाही त्या बोटांनी हात लावायची परवानगी नव्हती. टॉवेलला नाही, भाकरीला नाही, काकूंच्या पदराला तर नाहीच.

काकूंबद्दल सांगायचं तर त्या फार बोलत नसत. काका बोलून दमले की त्या एक वाक्य बोलत आणि विषय संपे. माझ्याशी त्यांचं जमलं, कारण मीही घरी कमी बोलते. कारखान्यात माझं कामच असं आहे की दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजायचे आणि केसाएवढी चूक सापडली तरी लाल शाईनं लिहायची. संध्याकाळी घरी आल्यावर कुणाचं काही काढायची हौस उरत नाही. त्यामुळं असेल, काकू त्या गाडीत कधीच बसत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. मंडईत जायचं तर रिक्षा, दवाखान्यात जायचं तर काकांच्या स्कूटरवर मागं. गाडीचं त्या नावही काढत नसत.

ते कळलं पितृपंधरवड्यात. काकूंची आई सवाष्ण गेलेली, म्हणून दरसाल अविधवा नवमीला काकू माहेरी जात. वेरूळच्या पुढं दोन कोसांवर त्यांचं माहेर. भाऊ त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला बोलावी आणि तिची ओटी काकूंच्या हातून भरली जाई. त्या वर्षी नवमीला सकाळी सातला मी वरून बघते, तर काका गाडी धुऊन, पुसून, चालू करून उभे. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. गाडीचं डावीकडचं दार त्यांनी सताड उघडं धरलेलं. काकू बाहेर आल्या. हातात पिशवी, पिशवीत सवाष्णीची साडी आणि खण. त्या गाडी आणि तुळशीच्या मधून सरळ चालत गेल्या, फाटकाची एकच फळी उघडली, बाहेर पडल्या आणि रिक्षाला हात केला. काकांनी डावीकडचं दार लावलं. स्वतः चाकामागं बसले, फाटकाची दुसरी फळी उघडायला पुन्हा उतरले, पुन्हा बसले आणि रिक्षाच्या मागं गेले.

संध्याकाळी मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "येतात मागं मागं. दरसाल येतात. पुढं कन्नडची बस, मागं हे. तिथं येऊन जेवतात, आणि परत बसच्या मागं."

"पण कशाला?"

"बस बंद पडली तर, म्हणे."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी विचारलं, "मग तुम्ही गाडीतच का नाही बसत?" त्यावर त्यांना गॅसवर दूध ठेवल्याची आठवण झाली.

उरलेलं मला काकांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं, ते बॉनेटमध्ये डोकं घालून बसलेले असताना आणि मी बॅटरीचा उजेड धरून उभी असताना. वीस-बावीस वर्षांपूर्वी काकूंच्या आईचं फार झालं म्हणून निरोप आला. माय लेकीचं नाव घेत होती. सकाळी दोघं गाडीनं निघाले. दौलताबाद सोडून घाट चढताना पंपावरचा तो पितळी नट तुटला आणि सगळं पेट्रोल रस्त्यावर गेलं. तेव्हा कुणाकडं फोन नव्हता. भर उन्हात दोघं चार तास बसले. शेवटी एका ट्रकवाल्यानं घेतलं. पोचले तेव्हा माती होऊन गेली होती.

"सांधा जुना झाला होता," काका म्हणत. "पितळ हाय, थकतंय." तो प्रसंग ते जेव्हा जेव्हा सांगत, तेव्हा तेव्हा याच वाक्यावर संपवत आणि मग बॉनेट लावत. एकदाच पुढं बोलले. "एकदा बसावं तिनं. माहेरच्या दारात या गाडीतून उतरावं. मग त्यांला कुणीबी न्यावं, माझं काय नाय."

मी ती खोली सोडली त्याला आता काही वर्षं झाली, काकाही आता नाहीत. पण गाडीचं सांगायचं तर त्या शेवटच्या नवमीचंच सांगायला पाहिजे, आणि तिथं माझी अब्रू फारशी राहत नाही.

त्या वर्षी काकांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. दिवाळीनंतर गाडी हातात घ्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे बसच्या मागून जायची ही शेवटची नवमी. काका याबद्दल काही बोलले नाहीत. महिनाभर आधीपासून गाडी मात्र पुसायला लागले. नवमी सोमवारी होती. शनिवारी पहिली पाळी संपवून मी दुपारी घरी आले, तर ते पोर्चमध्ये माझीच वाट बघत होते. पाईप आतून साफ करून त्यांनी परत जागेवर आणला होता, पण नट त्यांना नीट दिसत नव्हता.

"तू लाव," ते म्हणाले. तोवर 'बाई'वरून ते 'तू'वर आले होते. "आधी हातानं बसव. बसला? आता पाना लाव. पाव फेरा. बास."

मी पाव फेरा दिला. आणि थांबले नाही. कारखान्यात आम्हाला नट किती आवळायचा ते सांगणारा पाना असतो, बरोबर झालं की तो कट् करून कळवतो. इथं फक्त काकांचा 'पाव' होता. मला वाटलं, गरम इंजिनावर पेट्रोल, घाटाचा रस्ता, एक डोळ्यांनी अधू म्हातारा. काही झालं तर? म्हणून अजून थोडं, काळजीपोटी. आणि मग अजून थोडं. पान्याखाली टिक् असा बारीक आवाज झाला आणि हाताला कळलं की पलीकडं आता काही नाही.

काकांचे डोळे अधू झाले होते, कान शाबूत होते. त्यांनी कान पंपाकडं केला. मग म्हणाले, "किती दिला?"

"पावच," मी म्हणाले.

मी खोटं सहसा बोलत नाही. इतरांच्या केसाएवढ्या चुका लाल शाईनं लिहिणारी बाई मी, पण ते तोंडातून इतकं सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं.

"मग जुना झाला असंल," काका म्हणाले आणि बॅटरी न विझवताच खाली ठेवली. पायरीवर बसले. तिथूनच म्हणाले, "राहू दे. ती बसनं जाईल. दरसाल जातेच की. यंदा मागं कुणी नसंल, एवढंच."

त्यापेक्षा त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी दोन बोल्ट काढून पंप सोडवला, पाईपासकट पिशवीत घातला आणि स्कूटीवरून शहागंजच्या मागं जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेले. तिथं एक चाचा होते. काका नोकरीतल्या दिवसांपासून त्यांच्याकडंच जायचे. लहानसं दुकान, त्यात जमिनीपासून छतापर्यंत लोखंड, आणि मधे चाचांना बसायला तेवढीच जागा. त्यांनी तुटलेला नट उजेडात धरला आणि मोडलेल्या जागेवरून नख फिरवलं.

"ये थकेला नै है, बाई," ते म्हणाले. "थकेला पीतल अंदरसे काला पडता. ये तो चमकरा. किसने जोर मारा?"

"मैंने," मी म्हणाले.

"हौ. काका कू बोले?"

"नै."

त्यांनी मान हलवली, त्यात राग नव्हता. या नटाला आटे बाहेरून असतात; पंपात अडकलेला त्याचा तुकडा पोकळ होता. त्या भोकात त्यांनी चौकोनी कानसीचं टोक हलकेच ठोकून बसवलं आणि उलटं फिरवलं. तुकडा निमूट बाहेर आला. तो पत्र्याच्या डब्यात टाकता टाकता ते म्हणाले, "बीस-बाईस बरस हुए. तुम्हारे काका भी ऐसाच टुकडा लेके आए थे. इसीच जगे से टूटेला, ऐसाच चमकरा था. मैं बोला, साहब, ये तो जोरसे टूटा. पानी पिए. जाते टैम बोले, चाचा, घर में किसी कू मत बोलना."

मी उभीच राहिले. सांधा जुना झाला होता, पितळ थकतंय. इतकी वर्षं ते जे सांगत होते तेच मघाशी त्यांनी माझ्या खोट्याला वापरायला दिलं होतं.

"नट तुम बना के लाओ," चाचा म्हणाले. "मैं पाईप का मुँह काट के नया फुला देता." पाईपाच्या फुलवलेल्या तोंडामागं मोडका नट अडकलेला, तोंड कापल्याशिवाय तो निघणार नव्हता. मी म्हटलं, पण कापला तर पाईप तोकडा पडेल. त्यांनी पाईप माझ्यासमोर धरला. मधे त्याला एक गोल वेटोळं दिलेलं होतं. ते मी रोज बघत होते आणि ते का आहे हे कधी विचारलं नव्हतं. "ये घेरा काकाच छोडने लगाए, उस टैम. मैं बोला कायकू साहब, सीधा डालते. तो बोले, रहने दो, आगे कोई तो फिर तोडेंगा."

भर बाजारात माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माणसानं वीस वर्षांपूर्वी माझ्या चुकीची सोय करून ठेवली होती.

जाताना चाचांनी मला जुन्या इंचाच्या मापाचा आटे पाडायचा डाय दिला. आमच्या कारखान्यात सगळं मिलिमीटरचं, तिथं हे आटे जन्मात मिळाले नसते. रविवारी सकाळी साहेबांची परवानगी काढून मी कारखान्यातल्या लेथवर उभी राहिले. मशिन चालवायचं मी शिकले होते, पण नंतर मोजायच्या टेबलावर गेले ती तिथलीच झाले. षटकोनी पितळी सळईतून पहिला नट केला तो बिघडवला. दुसरा चांगला झाला. मग थांबून तिसराही केला, जास्तीचा असावा म्हणून. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

दुपारी नवा नट पाईपावर ओवून चाचांकडून त्याचं तोंड फुलवून आणलं आणि घरी आले. काका पायरीवर होते. काकू त्यांच्या मागं ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या, उद्या भावाकडं न्यायच्या खिरीचे. मी पंप जागेवर बसवला, नट हातानं फिरवत नेला. मग पाना हातात घेतला आणि लावला नाही. येताना सगळा रस्ता मी विचार करत आले होते की काकांना एकट्याला गाठून सांगावं. पण आता वाटलं, एकट्याला सांगणं म्हणजे पुन्हा चाचांसारखं, घरात बोलू नका म्हणण्यासारखं.

"काका," मी म्हणाले, "शनिवारी मी पाव नव्हता दिला. अर्ध्याच्या वर दिला होता. नट जुना झाला नव्हता. माझ्या हातानं तुटला."

काकूंचा तांदळातला हात थांबला. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, काकांच्या पाठीकडं बघत होत्या. शेजारच्या घरात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

"माझ्याबी," काका म्हणाले.

ते समोर गाडीकडं बघत बोलत होते. "त्या टायमाला म्याच आवळला होता. आदल्या दिवशी. पाऊण फेरा, का त्याच्यावर. तुझ्या मायला बघायला जायचं, वाटंत गळू नये म्हणून. जुना नव्हता झाला. मी खोटं बोललो."

काकूंनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"दोन्ही हात लावले होते तुम्ही पान्याला," त्या म्हणाल्या. "मी इथंच वाती करत बसले होते."

काका वळले. "ठावं होतं तुला?"

"व्हय."

"एवढी वर्षं? मग बोलली कामून नाय?"

"तुमच्या तोंडून यायची वाट बघत होते," काकू म्हणाल्या. सूप उचललं आणि आत गेल्या.

काका तसेच बसून राहिले. मी पाना लावला आणि पाव फेरा दिला. या वेळी त्यांनी किती दिला ते विचारलं नाही. सबंध संध्याकाळ खालून कसलाही आवाज आला नाही. उद्या काय होणार याचा मला काहीच अंदाज येईना, आणि उगाच खोटं उघडं पाडून त्या माणसाची शेवटची नवमीही घालवली की काय, या विचारानं मला जेवण गेलं नाही.

सकाळी सातला मी रजा टाकून खाली आले. काकांनी सदरा घातला होता, टोपी घातली होती, गाडी चालू केली होती. डावीकडचं दार उघडून ते उभे होते, पण दरवर्षीसारखे ताठ नव्हते, खाली बघत होते. काकू बाहेर आल्या. हातात पिशवी. गाडी आणि तुळशीच्या मधून त्या सरळ चालत गेल्या. फाटकापाशी पोचल्या, एक फळी उघडली.

मग त्यांनी दुसरी फळी उघडली. ती जड होती, वर्षानुवर्षं ती काकाच उघडत. दोन्ही हातांनी ओढून त्यांनी ती भिंतीला लावली, खाली वीट सरकवली, परत आल्या आणि डावीकडच्या सीटवर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली.

"ती पोरगी बी चलू दे," त्या म्हणाल्या. "तिनं दुरुस्त केलंय, वाटंत काय झालं तर तिलाच उतरवू."

मी मागं बसले. काकूंनी दार दोन बोटांनी ओढलं, ते लागलं नाही. पुन्हा ओढलं, लागलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात शिकल्या होत्या ना. काका म्हणाले, "आपट. इथं मात्र जोर लागतोय." काकूंनी ते असं आपटलं की तुळशीवरची चिमणी उडाली.

काका सावकाश चालवत होते आणि डाव्या हाताला सायकल आली, म्हैस आली, की काकू नुसतं "हं" म्हणत होत्या. तेवढ्यानं त्यांना कळत होतं. दौलताबादला रस्त्याच्या कडेला बायका सीताफळं मांडून बसल्या होत्या. घाट लागायच्या आधी कन्नडची बस मागून येऊन पुढं गेली. कंडक्टरनं सवयीनं खिडकीतून आमच्याकडं बघितलं. मग डावीकडच्या सीटकडं बघितलं आणि पार वळून, गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

घाटाच्या मध्यावर एका वळणाशी काकांनी गाडी कडेला घेतली. ती जागा कोणती ते कुणी मला सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. ते उतरले, बॉनेट उघडलं. हात आत गेला, पण झाडांच्या सावलीत त्यांना पाईप दिसेना. बोटं नुसतीच इकडंतिकडं चाचपत राहिली.

"ओलं हाय का गं बघ," ते मला म्हणाले.

मी दार उघडेपर्यंत काकू उतरल्या होत्या. त्यांनी बांगड्या मागं सारल्या, वाकून नटाच्या खाली बोट फिरवलं आणि ते नाकाशी धरलं. आई गेली त्या दिवशी याच रस्त्यावर त्यांनी चार तास तोच वास घेतला असेल. त्यांनी डोळे मिटले होते. काका त्यांच्या तोंडाकडं बघत उभे होते, दिसत होतं तेवढं.

"कोरडं हाय," काकू म्हणाल्या. "चला, सवाष्ण खोळंबंल."

आणि ते बोट त्यांनी नवमीच्या नव्या साडीच्या पदराला पुसलं.